मांडणी आणि जखडण : प्लेट व कवच यांच्या परिमित घटक विश्लेषणाविषयी

१. प्रास्ताविक

एका माध्यमातील आशय दुसऱ्या माध्यमात नेताना काय टिकते, काय गळते आणि गळलेल्याची भरपाई कशी होते, हा तौलनिक साहित्याभ्यासाच्या मध्यवर्ती प्रश्नांपैकी एक प्रश्न आहे. हाच प्रश्न अभियांत्रिकीच्या एका शाखेत गेली सहा-सात दशके अतिशय काटेकोरपणे विचारला जात आहे. तिथे त्याची उत्तरे मोजून पाहता येतात, हा त्या शाखेचा विशेष होय. ही शाखा म्हणजे परिमित घटक पद्धती, आणि तिच्यातील सर्वांत वादग्रस्त प्रकरण म्हणजे प्लेट आणि कवच या पातळ रचनांची मांडणी.

'मांडणी' हा शब्द येथे जाणीवपूर्वक योजला आहे. एकाच सिद्धान्ताच्या अनेक मांडण्या संभवतात. त्या सर्व कागदावर समतुल्य दिसल्या, तरी संगणकात उतरल्यावर त्यांचे वर्तन भिन्न असते. काही मांडण्या रचनेला तिच्या मूळ स्वभावाहून कितीतरी अधिक ताठर करून टाकतात. हा खोटा ताठरपणा कोठून येतो आणि तो दूर करण्याचे प्रयत्न कोणत्या दिशांनी झाले, हे गणिताची विशेष पार्श्वभूमी नसलेल्या वाचकासाठी स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. साहित्यविचाराशी असलेले साम्य शेवटी तपासले आहे. ते साम्य कोठे संपते, याचाही तेथे विचार केला आहे.

२. विषयवस्तू : पातळपणा

इमारतीचा स्लॅब, जहाजाचा डेक, विमानाची त्वचा, पाण्याची टाकी, घुमट या सर्वांत एक गोष्ट समान आहे. त्यांची जाडी लांबी-रुंदीच्या मानाने अल्प असते. अशी रचना सपाट असेल तर ती प्लेट, आणि मुळातच वक्र असेल तर ते कवच. हा फरक केवळ आकाराचा नाही. कागदाचा ताव एका कडेने धरला तर तो खाली लवतो. तोच किंचित पन्हळीसारखा वळवून धरला तर ताठ उभा राहतो. कागद तोच, वजन तेच; वक्रतेमुळे भार पेलण्याची रीत मात्र बदलते.

प्लेटच्या सिद्धान्ताचा इतिहास एका दृश्य कुतूहलापासून सुरू होतो. अर्न्स्ट क्लाडनी यांनी धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज फिरविला, तेव्हा वाळूच्या सुंदर आकृती उमटल्या. या आकृतींचे गणिती स्पष्टीकरण देण्यासाठी पॅरिसच्या अकादमीने पारितोषिक जाहीर केले, आणि ते 1816 मध्ये सोफी जर्मेन यांना मिळाले. गुस्ताव किर्खहोफ यांनी 1850 मध्ये प्लेटच्या सिद्धान्ताला शास्त्रशुद्ध रूप दिले, तर ऑगस्टस लव्ह यांनी 1888 मध्ये त्याचा विस्तार कवचापर्यंत केला.

किर्खहोफ यांचे गृहीतक असे : प्लेटच्या मध्यपृष्ठाला लंब असलेली रेषा प्लेट वाकल्यानंतरही सरळ आणि लंबच राहते. पातळ प्लेटसाठी हे गृहीतक उत्तम लागू पडते. पुढे एरिक राइस्नर (1945) आणि रेमंड मिंडलिन (1951) यांनी ते शिथिल केले. त्यांच्या मते रेषा सरळ राहते, परंतु लंब राहीलच असे नाही. लंबस्थितीपासून ती जितकी ढळते तितके त्या ठिकाणी 'कर्तन' झाले, म्हणजे पत्त्यांच्या जुडीतील पत्ते एकमेकांवरून सरकावेत तसे प्लेटचे थर एकमेकांवरून सरकले.

येथे एक विषमता लक्षात घेतली पाहिजे. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, तर कर्तनाला होणारा विरोध जाडीच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात. जाडी निम्मी केली तर कर्तनाचा विरोध निम्मा होतो, पण वाकण्याचा विरोध एक-अष्टमांशावर येतो. जाडी दहावा हिस्सा केली तर पहिला दहाव्या हिश्शावर येतो आणि दुसरा हजाराव्या. म्हणजे रचना जितकी पातळ, तितके तिला वाकणे सोपे आणि त्या तुलनेत कर्तन महाग. पुढील बहुतेक सर्व अडचणींचे बीज या साध्या विषमतेत आहे.

३. अखंडाचे खंडात रूपांतर

प्लेटचे समीकरण ज्ञात असले तरी ते हाताने सोडविता येते ते मोजक्या आकारांसाठी. म्हणून वाल्टर रिट्झ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वेगळी वाट धरली. रचना आपली एकूण ऊर्जा किमान राहील असाच आकार घेते. तेव्हा काही निवडक आकारांच्या मिश्रणातून ही ऊर्जा किमान करणारे मिश्रण शोधावे, अशी त्यांची कल्पना होती. रिचर्ड कूरांट यांनी 1943 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात क्षेत्राचे त्रिकोण पाडून प्रत्येक त्रिकोणात साधे रेषीय फल घेण्याचे सुचविले. विमानाच्या पंखांच्या विश्लेषणातून टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा 1956 चा निबंध आला, आणि 1960 मध्ये रे क्लफ यांनी या पद्धतीला आजचे नाव दिले.

पद्धतीचे सार थोडक्यात सांगता येईल. रचनेचे छोटे घटक पाडले जातात. घटकांच्या कोपऱ्यांवरील गाठींपाशी विस्थापन किती, ते कोन किती, या राशी अज्ञात मानल्या जातात. दोन गाठींच्या दरम्यान काय घडते हे घटकाला स्वतः शोधता येत नाही. त्याला आधी ठरवून दिलेल्या फलांच्या साहाय्याने तो ते भरून काढतो. ही फले म्हणजे घटकाचा शब्दसंग्रह होय. त्या शब्दसंग्रहात जे बसते तेच तो सांगू शकतो.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. सर्व अटी पाळून केलेल्या अशा मांडणीत रचना मूळच्या रचनेपेक्षा नेहमी थोडी अधिक ताठरच ठरते, कारण तिला हवा तो आकार घेण्याची मोकळीक नसते. घटक लहान करीत नेले की हा जादा ताठरपणा कमी होतो. प्रश्न असा की तो किती वेगाने कमी होतो, आणि व्यवहारात परवडणाऱ्या घटकसंख्येत तो पुरेसा कमी होतो का.

४. पहिली अडचण : सांध्यावरचे सातत्य

किर्खहोफ यांच्या सिद्धान्तात ऊर्जा वक्रतेवर अवलंबून असते. त्यामुळे शेजारच्या दोन घटकांच्या सांध्यावर केवळ पृष्ठ सलग असून भागत नाही, उतारही सलग असावा लागतो. अन्यथा सांध्यावर घडी पडते. ही मागणी वाटते त्याहून कठीण आहे. जॉन आर्जिरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 मध्ये ती पूर्ण पाळणारा त्रिकोणी घटक दिला. त्यासाठी पाचव्या घाताची बहुपदी आणि एका त्रिकोणामागे 21 अज्ञात राशी लागल्या.

दुसरी वाट व्यवहारी होती. बेझली, चेउंग, आयर्न्स आणि झिएंकिविच यांनी 1965 मध्ये केवळ 9 राशींचा त्रिकोण मांडला. त्यात सांध्यावरचा उतार पूर्णपणे जुळत नव्हता. नियमानुसार हा दोषच. परंतु प्रत्यक्षात काही प्रकारच्या जाळ्यांत हा घटक अचूक उत्तराकडे जात होता, तर काही प्रकारच्या जाळ्यांत घटक कितीही लहान केले तरी चुकीच्या उत्तरावर स्थिरावत होता. कोणता नियमभंग निरुपद्रवी आणि कोणता घातक, हे ओळखण्याची कसोटी हवी होती.

ब्रूस आयर्न्स यांच्या विचारातून आलेली 'पॅच टेस्ट', म्हणजे तुकड्याची चाचणी, ही ती कसोटी होय. वेड्यावाकड्या आकाराच्या काही घटकांचा एक तुकडा घ्यावा. सर्वत्र सारखाच ताण किंवा सारखीच वक्रता निर्माण होईल अशी विस्थापने त्याच्या कडांवर द्यावीत. तुकड्याच्या आतही तीच एकसारखी अवस्था तंतोतंत मिळाली तर घटक उत्तीर्ण. क्लिष्ट अवस्था जवळपास सांगण्याचा अधिकार हवा असेल, तर सर्वांत साधी अवस्था अचूक सांगता आली पाहिजे, असा या चाचणीचा आशय आहे. गिल्बर्ट स्ट्रँग यांनी 1972 मध्ये अशा नियमभंगांना 'चलनात्मक गुन्हे' या अर्थाचे नाव दिले. या नावात थट्टा असली, तरी कोणते गुन्हे क्षम्य आहेत याचे गणित त्यांच्या विवेचनात गंभीरपणे केलेले होते.

५. दुसरी अडचण : जखडण

सांध्यावरील उताराच्या जाचातून सुटण्यासाठी अभ्यासक राइस्नर-मिंडलिन सिद्धान्ताकडे वळले. येथे पृष्ठाचे विस्थापन आणि लंबरेषेचे फिरणे या दोन स्वतंत्र राशी आहेत. दोन्ही नुसत्या सलग असल्या की पुरे. चार गाठींचा साधा चौकोनी घटकही चालतो. हा सिद्धान्त अधिक व्यापक असल्यामुळे जाड प्लेट आणि पातळ प्लेट या दोहोंसाठी तो उपयोगी पडेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्लेट पातळ होऊ लागताच उत्तरे बिघडली. प्लेट जणू वाकायलाच तयार नव्हती. या घटनेला इंग्रजीत 'लॉकिंग' म्हणतात. मराठीत 'जखडण' हा शब्द त्यासाठी नेमका ठरेल.

कारण समजून घेण्यासाठी प्लेटऐवजी तुळईचा विचार सोपा पडतो. दोन गाठींच्या साध्या घटकात विस्थापन रेषीय असते. म्हणून त्याचा उतार संपूर्ण घटकात एकच असतो. लंबरेषेचे फिरणेही रेषीय असते. म्हणून ते घटकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलते. आता रचना पातळ असेल तर कर्तन जवळजवळ शून्य असले पाहिजे, म्हणजे उतार आणि फिरणे ही दोन्ही प्रत्येक बिंदूत समान असली पाहिजेत. परंतु एक राशी स्थिर आणि दुसरी बदलती असताना ती सर्वत्र समान कशी होणार? त्यासाठी एकच मार्ग उरतो, तो म्हणजे फिरण्यातला बदल शून्य करणे. पण फिरण्यातला बदल म्हणजेच वाकणे. म्हणून घटक वाकण्याचे नाकारतो.

या नकाराची किंमत मोजता येते. आयताकृती छेद आणि नेहमीचे पदार्थगुण धरले (पॉइसन गुणोत्तर 0.25, कर्तन-सुधारणा गुणक 5/6), तर अशा घटकाचा वाकण्याला होणारा विरोध मूळच्या 1 + (1/3)(लांबी/जाडी)² पट होतो. घटकाची लांबी जाडीच्या 10 पट असेल तर हा आकडा सुमारे 34 येतो. म्हणजे संगणक सांगतो तो वाक खऱ्या वाकाच्या चौतिसाव्या भागाएवढा असतो. लांबी जाडीच्या 100 पट असेल तर विरोध तीन हजार पटींच्या वर जातो. घटक जाडीइतका लहान केला तरी एक-तृतीयांश जादा ताठरपणा शिल्लक राहतोच, आणि पातळ प्लेटमध्ये इतके लहान घटक पाडणे परवडत नाही.

हा दोष आणखी एका अर्थाने धोकादायक आहे. संगणक कोणतीही त्रुटी दाखवीत नाही. समीकरणे व्यवस्थित सुटतात, आलेख गुळगुळीत दिसतात, आणि रचना वस्तुस्थितीपेक्षा अधिक भक्कम भासते. सिद्धान्तात चूक नाही, गणनेतही चूक नाही. मोजक्या शब्दसंग्रहाकडून त्याला न पेलणारी अट ठिकठिकाणी पाळून घेतली गेली, एवढेच घडलेले असते.

६. उपायांची वाटचाल

पहिला उपाय आश्चर्यकारकरीत्या सोपा होता. घटकाची ऊर्जा मोजताना त्यातील काही निवडक बिंदूंपाशी मूल्ये घेऊन समाकलन केले जाते. झिएंकिविच, टेलर आणि टू यांनी 1971 मध्ये दाखविले की हे बिंदू कमी केले तर उत्तरे सुधारतात. तुळईच्या उदाहरणात कर्तन केवळ मध्यबिंदूपाशी तपासले, तर 'उतार आणि फिरणे समान असावे' ही अट त्या एकाच बिंदूपाशी लागू होते. तेथे ती पाळणे घटकाला शक्य असते, आणि वाकण्याची मोकळीक परत मिळते. कमी अचूक मोजणीतून अधिक अचूक उत्तर मिळाल्यामुळे अनेकांना हा प्रकार हातचलाखीचा वाटला.

शंका निराधार नव्हती. चार गाठींच्या चौकोनी प्लेट-घटकात 12 अज्ञात राशी असतात. त्यांपैकी तीन संपूर्ण घटक न वाकता हलण्याच्या असतात. एकाच बिंदूपाशी सगळे मोजले तर तेथे पाचच विकृती मिळतात. उरलेल्या चार हालचालींना घटक कोणताही विरोध करीत नाही. घटकांचे जाळे वाळूच्या घड्याळासारख्या आकारांत मनमानी थरथरू लागते. वाकण्यासाठी पूर्ण आणि कर्तनासाठी कमी समाकलन केले, तरी अशा दोन हालचाली उरतात. एका टोकाला जखडण आणि दुसऱ्या टोकाला सैलपणा, अशी ही कोंडी होती.

या हातचलाखीमागचा अर्थ डेव्हिड माल्कस आणि टॉमस ह्यूज यांनी 1978 मध्ये उलगडला. अनेक प्रकरणांत कमी समाकलन हे 'मिश्र मांडणी'शी समतुल्य असते, हे त्यांनी दाखविले. मिश्र मांडणीत विस्थापनाबरोबर ताण किंवा विकृती यांनाही स्वतंत्र अज्ञात मानले जाते. हेलिंगर (1914) आणि राइस्नर (1950) यांचे तत्त्व तिच्या मुळाशी आहे. म्हणजे ज्याला नियमभंग समजले जात होते ते एका वेगळ्या, पण तितक्याच वैध नियमाचे पालन होते. अर्थात कोणत्याही दोन शब्दसंग्रहांची जोडी चालत नाही. त्यांचा परस्पर तोल कसा असावा याची अट इव्हो बाबुश्का आणि फ्रांको ब्रेझ्झी यांनी 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात मांडली.

या समजुतीच्या आधारे अधिक विश्वसनीय घटक तयार झाले. एदुआर्दो द्वोर्किन आणि क्लाउस-युर्गेन बाथे यांनी 1984 मध्ये मांडलेल्या चार गाठींच्या घटकात कर्तन घटकाच्या चारही कडांच्या मध्यबिंदूंपाशी घेतले जाते आणि तेथून आत पसरविले जाते. त्यामुळे जखडण टळते आणि अनिर्बंध थरथरही येत नाही. बातोझ, बाथे आणि हो यांनी 1980 मध्ये अभ्यासलेल्या त्रिकोणात किर्खहोफ यांची अट सर्वत्र न लादता कडांवरील निवडक बिंदूंपाशी लावलेली आहे. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच दिसते. अट सोडून द्यायची नाही. ती कोठे आणि किती पाळायची हे मात्र ठरवायचे.

या चर्चेत भारतीय अभ्यासकांचा वाटा दुय्यम नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत गंगन प्रथाप यांनी 1980 च्या दशकात 'क्षेत्र-सुसंगती'ची संकल्पना विकसित केली. कर्तनासारख्या विकृतीत ज्या दोन राशी एकमेकींना छेद द्यायला हव्यात त्या एकाच घाताच्या बहुपदीत मांडलेल्या असाव्यात, अन्यथा जोडीदार नसलेले पद एकटे उरते आणि तेच खोटी अट बनते, असे त्यांचे निदान होते. जखडण कोणत्या पदातून उपजते आणि किती प्रमाणात, याचा आधीच हिशेब मांडता येणे ही या निदानाची जमेची बाजू. आय.आय.टी. मुंबईचे तरुण कांत यांनी ओवेन आणि झिएंकिविच यांच्यासह 1982 मध्ये वेगळी दिशा घेतली. लंबरेषा सरळच राहते हे गृहीतकही सोडून, जाडीच्या दिशेने उच्च घाताचे वर्णन करणारा प्लेट-घटक त्यांनी मांडला. तेथे शब्दसंग्रहाबरोबर मूळ संहितेचे आकलनही बदलले.

७. कवच : वक्रतेची भर

कवचात अडचण दुणावते. सपाट प्लेटमध्ये वाकणे आणि पृष्ठाच्या प्रतलातील ताणले जाणे या क्रिया एकमेकींपासून वेगळ्या राहतात. वक्र पृष्ठात त्या गुंततात. काही कवचे मुख्यतः वाकून भार पेलतात. त्यांचे पृष्ठ न ताणता वाकते. घटकाच्या शब्दसंग्रहात 'न ताणता वाकणे' व्यक्त होत नसेल, तर कर्तन-जखडणीसारखीच दुसरी जखडण उद्भवते. उलटपक्षी, काही कवचे मुख्यतः पृष्ठातील ताणानेच भार पेलतात. त्यांच्या बाबतीत तीच अट ढिली केली तर उत्तर बिघडू शकते. म्हणून प्लेटसाठी यशस्वी ठरलेला उपाय कवचावर जसाच्या तसा लादता येत नाही.

अहमद, आयर्न्स आणि झिएंकिविच यांनी 1970 मध्ये कवचाचा स्वतंत्र सिद्धान्त बाजूला ठेवून त्रिमितीय घटकालाच पातळ करीत कवच-घटक बनविला. हा घटक व्यवहारात फार लोकप्रिय झाला, आणि पातळ कवचांत जखडतोही असे लवकरच ध्यानात आले. वेगवेगळ्या मांडण्यांची तुलना करण्यासाठी सर्वमान्य उदाहरणांची गरज होती. स्कॉर्डेलिस आणि लो यांनी 1964 मध्ये अभ्यासलेले पन्हळीसारखे छप्पर हे त्यांतील प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या मोकळ्या कडेच्या मध्याशी होणाऱ्या विस्थापनाचे 0.3024 हे मूल्य संदर्भ म्हणून वापरले जाते. या छपरात वाकणे आणि ताणणे दोन्ही असल्यामुळे एकाच बाजूला झुकलेली मांडणी येथे उघडी पडते. मॅकनील आणि हार्डर यांनी 1985 मध्ये अशा चाचण्यांचा संच प्रस्तावित केला. अलीकडचा मोठा बदल 2005 चा. ह्यूज, कॉट्रेल आणि बझिलेव्ह्स यांनी संगणकावर आकार रेखाटताना वापरली जाणारी गुळगुळीत फलेच विश्लेषणासाठी घ्यावीत असे सुचविले. या फलांत उतार मुळातच सलग असल्यामुळे किर्खहोफ आणि लव्ह यांच्या जुन्या सिद्धान्ताकडे परतणे शक्य झाले. जखडण मात्र त्यांतही आपोआप नाहीशी होत नाही.

८. पणाला काय लागते

हा सगळा वाद अमूर्त वाटू नये म्हणून एका दुर्घटनेचा उल्लेख आवश्यक आहे. 23 ऑगस्ट 1991 रोजी नॉर्वेतील स्टाव्हांगर शहराजवळच्या फ्योर्डमध्ये 'स्लाइप्नर ए' या तेल-वायू मंचाचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात उतरविला जात असताना त्याची एक भिंत फुटली आणि संपूर्ण रचना बुडाली. तळावर आदळल्याचा धक्का भूकंपमापकांवर सुमारे 3.0 नोंदला गेला. मनुष्यहानी झाली नाही; आर्थिक नुकसान सुमारे 70 कोटी डॉलर इतके मानले जाते. चौकशीत आढळले की परिमित घटक विश्लेषणात भिंतींतील कर्तन-प्रतिबल 47 टक्क्यांनी कमी दाखविले गेले होते. त्यानुसार भिंती पातळ ठेवल्या गेल्या, आणि पोलादाची सळईही अपुरी पडली. काटेकोर पुनर्विश्लेषणाने 62 मीटर खोलीवर रचना फुटेल असे भाकीत केले. प्रत्यक्षात ती 65 मीटरवर फुटली होती.

ही घटना प्लेट-घटकाच्या जखडणीची नव्हती. तेथे त्रिमितीय घटकांचे जाळे भरड आणि तिरपे होते. परंतु दुर्घटनेमागचा आकृतिबंध तोच आहे. सिद्धान्त बरोबर, संगणक बरोबर. मांडणीला जे सांगता येत नव्हते ते मात्र तिच्याकडून वदवून घेतले गेले.

९. समारोप

तौलनिक अभ्यासकाला या इतिहासात काय उपयोगी पडेल? ग्रांथिक ओवीचे उदाहरण घेता येईल. तिच्या पहिल्या तीन चरणांत यमक असते, चौथा चरण आखूड असतो आणि अक्षरसंख्या बरीच मोकळी असते. यमकांची तेवढी समृद्धी नसलेल्या भाषेत ओवीचा अनुवाद करताना अर्थ, यमक आणि चरणांची ठेवण या सर्व अटी प्रत्येक चरणात पाळण्याचा अट्टहास केला, तर निपजणारी रचना अनेकदा ताठर असते. तिला वाकता येत नाही. दोष मूळ काव्याचा नसतो, अनुवादकाच्या निष्ठेचाही नसतो. लक्ष्यभाषेच्या साधनांना न पेलणारी अट सर्व बिंदूंपाशी लादली गेलेली असते. दुसऱ्या टोकाला, सर्व अटी सोडून दिलेला अनुवाद कोणत्याही वाचनाला विरोध करीत नाही. तो घड्याळाच्या वाळूसारखा हवा तसा हलतो.

प्लेट-घटकांचा इतिहास असे सुचवितो की या दोहोंमधील निवड केवळ अभिरुचीवर सोपविण्याचे कारण नाही. कोणती अट कोठे शिथिल केली, तिच्या जागी कोणती अट आली आणि सर्वांत साधी अवस्था अजूनही अचूक सांगता येते का, हे तीन प्रश्न कोणत्याही रूपांतराला विचारता येतात. शिथिलीकरणाला हिशेबाची जोड मिळाली की ते एक मांडणी ठरते. अभियांत्रिकीत 1971 ची हातचलाखी 1978 मध्ये सिद्धान्त झाली ती अशा हिशेबामुळे.

साम्याची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. घटक लहान करीत नेले तर उत्तर एका निश्चित मूल्याकडे जाते. अनुवाद कितीही सूक्ष्म केला तरी ज्याच्याकडे तो जाईल असे एकच मूल्य नसते. साहित्यकृतीचे मूळ प्रत्येक वाचनाबरोबर हलते, आणि प्लेट मात्र वाचणाऱ्याची वाट न पाहता आपल्या नियमाने वाकते. म्हणून अभियांत्रिकीची कसोटी साहित्याला जशीच्या तशी लावणे ही आणखी एक जखडणच ठरेल. तिच्याकडून घ्यायचा तो प्रश्न विचारण्याचा काटेकोरपणा. त्याची उत्तरे साहित्याच्या अभ्यासाने आपल्या साधनांनिशी शोधावीत.